बाबा गावाला गेलेत

जुलै २०२०. टाळेबंदीत साडेतीन महिने बंद असलेल्या आमच्या मालिकेचे नवे भाग सुरू झाले होते. मी आणि बायको जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर माझंच घर होतं. तीच पितळी समई, तोच झोपाळा. सूनबाई पानं वाढत होती. नातवानं विचारलं, "आजोबा कुठंयत?" ती म्हणाली, "बाबा गावाला गेलेत." आणि तिनं आमटी वाढायला घेतली.

त्या घरात मी तीन वर्षं वावरलो होतो. तिथून जायला तीन शब्द पुरले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, आवाज तेवढा कमी केला.

झालं होतं असं, की मेअखेरीस चित्रीकरणाची नियमावली आली आणि तिच्यात पासष्टच्या पुढच्यांना सेटवर यायला मनाई होती. काळजीपोटीच केलेला नियम होता, हे कळत होतं. माझं वय तेव्हा सहासष्ट. मालिकेतल्या आजी-आजोबांच्या भूमिका करणारे आम्ही बहुतेक सगळे एका फटक्यात घरी बसलो. बाकीचे लोक रोजच्या कामाला लागले होते आणि आम्ही मात्र पडद्यावरून गावाला, तीर्थयात्रेला, नाहीतर धाकट्या मुलाकडे निघून गेलो होतो.

मी मूळचा बँकेतला. एकविसाव्या वर्षी कॅशियर म्हणून लागलो. दिवसा नोटा मोजायच्या, संध्याकाळी तालमी. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी रजा राखून ठेवायची. २००१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. घरात महिनाभर हिशेब मांडले आणि मी अर्ज दिला. मराठी वाहिन्यांना तेव्हा नुकतंच बाळसं येत होतं. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी. 'आभाळमाया' घराघरांत पोचली होती. रोज संध्याकाळी एक गोष्ट पुढे सरकणार म्हणजे रोज नट लागणार, असा माझा सरळ हिशेब होता.

तो बरोबर निघाला, पण अर्धाच. मालिकेत काम मिळणं आणि मालिकेत काम करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. नाटकात महिनाभर एका वाक्यावर मेहनत घ्यायची सवय. इथे सकाळी सातचा कॉल, मेकअप होईपर्यंत सीनचा कागद हातात, शाई जेमतेम वाळलेली. एकदा वाचायचं, एकदा उभं राहून करून पाहायचं आणि टेक. बारा तासांच्या शिफ्टमध्ये असे कितीतरी सीन. सकाळी तेराव्याचा सीन, दुपारी त्याच माणसाच्या वाढदिवसाचा, कारण लोकेशन तेच आहे.

पहिल्या मालिकेत मी प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या पत्नीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीनं मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही बोलता छान. पण मी बोलत असताना तुम्ही तुमचं पुढचं वाक्य आठवत असता. ते दिसतं. कॅमेऱ्यापासून काही लपत नाही. आधी ऐकायला शिका."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजवर पाळत आलोय. आमच्याकडे आधी सगळ्यांचा एकत्र मास्टर शॉट होतो, मग एकेकाचे क्लोज. माझा क्लोज असेल तेव्हा समोरचा नट फ्रेममध्ये नसतो. तो चहाला गेला तरी चालतं, त्याची वाक्यं सहायक दिग्दर्शक कागदावरून सपाट वाचतो. त्या बाई कधी गेल्या नाहीत. गुडघे दुखत असताना कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या राहून त्या मला क्यू द्यायच्या, आणि तेही डोळ्यांत खरं पाणी आणून. ते पाणी कुणाला दिसणार नव्हतं. ते फक्त माझ्या चेहऱ्यासाठी होतं.

मालिकेतल्या नटाचं निम्मं आयुष्य असं फ्रेमच्या बाहेर जातं. प्रेक्षकाला ते माहीत नसतं, त्यानं माहीत करून घ्यायचंही कारण नाही. त्याच्यासाठी आपण घरातलं माणूस असतो. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची 'चिमणराव' मालिका दूरदर्शनवर लागायची, तेव्हापासून बाळ कर्वे लोकांसाठी जन्मभर गुंड्याभाऊच राहिले. 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांहून जास्त भाग चालली. ती सुरू झाली तेव्हा शाळेत जाणारी मुलं ती संपेपर्यंत नोकरीला लागली असतील. मलाही एकदा साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एका आजींनी थांबवलं. "सुनेला एवढं बोलू नका हो," म्हणाल्या, "गुणाची पोर आहे." मी "नाही बोलणार" म्हणून शब्द दिला. दुसरं उत्तर खोटं ठरलं असतं.

पण ज्या घरात आपण इतके खरे असतो ते घर आपलं नसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि सेटवरचे आवाज खाली-वर होतात. ट्रॅक बदलतो, लीप येते, दहा दिवसांच्या सूचनेवर मालिका बंद होते. केलेल्या कामाचे पैसे बहुधा तीन महिन्यांनी हातात पडतात. मला बँकेचं निवृत्तिवेतन होतं, म्हणून टाळेबंदीत चूल थंड झाली नाही. माझ्या वयाच्या कितीतरी कलाकारांना तोही आधार नव्हता. दिवसावर काम करणाऱ्या माणसाचं घर एका नियमानं थांबतं, हे मी त्या महिन्यांत फोनवरून ऐकत होतो. त्यातले काही आवाज मी अजून विसरलेलो नाही.

जुलैच्या शेवटी माझ्या मालिकेतल्या सूनबाईचा फोन आला. खऱ्या आयुष्यात ती मला काका म्हणते. "काका, उद्या माझा सीन आहे. बाबांना गावाला फोन लावते असा. तुमची वाक्यं दुसरं कुणी वाचलं तर मला जमणार नाही. तुम्ही घरून बोलाल?"

दुसऱ्या दिवशी मी बेडरूमचं कपाट उघडलं आणि बायकोच्या साड्यांमध्ये डोकं घालून बसलो. बाहेरचा आवाज तिथे येत नाही. फोन कानाला. तिकडून "रोल", "अॅक्शन" ऐकू आलं आणि ती म्हणाली, "बाबा, कधी येताय?" कागदावर माझं वाक्य होतं, "येईन गं, पावसाचं जरा कमी होऊ दे." मी ते म्हणालो. पलीकडे ती गप्प झाली. ती शांतता कागदावर नव्हती. ती ऐकत होती, आणि मीही. कपाटातल्या अंधारात मला वीस वर्षांपूर्वीच्या त्या बाई आठवल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं ती वयाची अट रद्द केली. एका सत्तरीच्या कलाकारानं दाद मागितली होती. बाकीच्या कामांना पासष्टच्या पुढच्यांना मज्जाव नाही, मग चित्रीकरणालाच का, असा साधा प्रश्न होता. निकाल कळला तेव्हा बायको म्हणाली, "मास्क काढायचा नाही. टेकपुरता काढायचा." तेवढीच तिची परवानगी.

पंधरा दिवसांनी मी सेटवर गेलो. दारात ताप मोजला, हातावर सॅनिटायझर ओतलं. स्पॉटदादानं लांबूनच बिनसाखरेचा चहा ठेवला, न विचारता. पहिला सीन माझ्या परतण्याचाच होता. मी उंबऱ्यात, हातात पिशवी. ती झोपाळ्यापाशी. मास्टर झाला, माझा क्लोज झाला. मग तिचा क्लोज लागला. तरुण दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर मोकळ्या हवेत बसा. क्यू आम्ही देतो."

मी पिशवी पुन्हा हातात घेतली आणि कॅमेऱ्याशेजारी, सहा फूट अंतर राखून, उभा राहिलो. तिनं वर पाहिलं. मी म्हणालो, "आलो गं."