कोन बदलण्याआधी

जुना स्पीकर दाखवायला आलेला माणूस पेटीचंच कौतुक सांगत असतो. लाकूड अस्सल आहे, जाळी शाबूत आहे, वर कंपनीचा बिल्ला आहे. मी पेटी पालथी घालून मागचे स्क्रू काढायला घेतो. पेटी कोणताही सुतार करून देईल आणि बिल्ला दोन खिळ्यांनी कुठेही बसतो. खरी कुंडली आत आवाज काढणाऱ्या भागाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, पत्र्यावर असते.

अमेरिकन ड्रायव्हरच्या फ्रेमवर किंवा मॅग्नेटच्या टोपीवर बहुधा आकड्यांचा शिक्का सापडतो. समजा, २२०५३४. पहिले तीन आकडे कारखान्याचे: २२० म्हणजे जेन्सन, १३७ असतं तर सीटीएस, ४६५ असतं तर ऑक्सफर्ड. ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ३४ हा आठवडा. पण वर्ष १९४५, १९५५ की १९६५? ते शिक्का सांगत नाही, मॅग्नेट बघावा लागतो. जेन्सनने मॉडेलच्या नावातच खूण ठेवली आहे. पी१२ म्हणजे अल्निको, सी१२ म्हणजे फेराइट आणि एफ१२ म्हणजे फील्ड कॉइल. या शेवटच्या जातीत कायमचा मॅग्नेट नसतो, त्याला वेगळा डीसी पुरवठा लागतो. तो न देता अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, की स्पीकर जवळजवळ गप्प बसतो आणि ‘बाद’ म्हणून भंगारात जातो.

टॅनॉय कंपनीची गंमत निराळी. १९४७ पासूनच्या त्यांच्या ड्युअल कॉन्सेंट्रिकमध्ये ट्वीटरचा कर्णा वूफरच्या मधोमध निघतो आणि वूफरचा कोन, म्हणजे हलणारा शंकूच, त्या कर्ण्याचं पुढचं तोंड होतो. सिल्व्हर, रेड, गोल्ड या पिढ्या टोपीच्या रंगावरून ओळखतात. रंग काय, फवाऱ्याच्या डब्यानेही बदलतो! म्हणून मी आधी मल्टीमीटर लावतो. रेड १५ ओहमचा, ट्रान्झिस्टरच्या जमान्यातला १९६७ चा गोल्ड ८ ओहमचा. मीटर आकडा थोडा कमी दाखवतो, पण एवढा फरक लपत नाही.

१९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, अल्निकोत लागणारं कोबाल्ट कडाडलं आणि पुढच्या काही वर्षांत बड्या कंपन्या अल्निको सोडून फेराइटकडे वळल्या. अल्निकोच्या आवाजात जादू असते, असं मी मानत नाही. भाव मात्र त्या जादूचाच लागतो. एवढं नक्की, की साफसफाईसाठी अल्निको मॅग्नेट सुटा केला तर त्याची ताकद उतरते आणि परत जोडून ती येत नाही.

सर्वाधिक काम येतं ते सराउंडचं, म्हणजे कोनाला फ्रेमशी जोडणाऱ्या लवचीक कडेचं. सत्तरच्या दशकातला पॉलियुरेथेन फोम दमट हवेत कुजतो, मुंबईत तर लवकरच. बोट लावलं की चिकट काळा भुगा हाताला येतो. टॅनॉयच्या १९७४ च्या एचपीडी ड्रायव्हरचं हेच दुखणं. कोन मात्र ठणठणीत असतो. अशा वेळी ‘नवा कोनच टाकू’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कोनाचं वजन बदललं की अनुनाद सरकतो आणि पेटी व क्रॉसओव्हर त्याच्या मापाचे राहत नाहीत.

जुना फोम आणि गोंद स्पिरिटने भिजवून, बोथट पात्याने, कागद न सोलता काढायचा. नवा सराउंड आधी कोनाला चिकटवायचा आणि तो सुकल्यावरच फ्रेमला. इन्स्टंट ग्लू नको. सावकाश सुकणारा, लवचीक राहणारा गोंद हवा. तो ओला असतानाच ३० हर्ट्झचा मंद सूर सोडतो आणि कान कोनाशी नेतो. खरखर आली तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये घासते आहे. सराउंड केसभर सरकवला की खरखर थांबते. मग हात काढून घ्यायचा.

शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून पोलॅरिटी तपासतो. धन टोकाला धन लावलं की कोन पुढे यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये तो मागे जातो. तो बिघाड नाही, त्या कंपनीची रीतच तशी होती. तारा उलट्या करून ‘दुरुस्त’ केलेल्या जोड्या मी पुन्हा सुलट केल्या आहेत.

माळा आवरताना असा स्पीकर निघालाच, तर वाजतो का बघायला आवाज चढवू नका. सराउंड कुजला असेल, तर कॉइल तिरकी होऊन घासते आणि फोमचं काम कॉइलवर जातं. आधी शिक्क्याचे आणि मॅग्नेटचे फोटो काढा. आणि कुणी कोन बदललाच, तर जुना कोन मागून घ्या.