पाटाचं पाणी आणि मोबाईलचं नेट : दोन्हीकडं टेलवालाच कोरडा का?



पिकाच्या ऑनलाइन नोंदीची मुदत संपली आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "दादा, गावात टॉवर आहे, मोबाईलवर फोरजीच्या सगळ्या दांड्या दिसतात, मग शेवटच्या दोन दिवसांतच साइट का बसते?" उत्तर एका ओळीत बसेना, म्हणून आजची नोंद जरा लांब आहे. पिकाची नसली तरी शेताचीच आहे.

आधी दांड्यांचं बघू. त्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय तेवढं सांगतात. टॉवरवर गर्दी किती, हे सांगत नाहीत. टॉवरची ताकद त्याच्या टापूत चालू असलेल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. त्यातही जो लांबच्या वस्तीवर आहे, त्याला तेवढाच फोटो पाठवायला जास्त वेळ टॉवर अडवावा लागतो. टॉवरच्या पुढं मोठ्या लाइनी, आणि त्यांच्या शेवटी जिथं नोंद होते तो सर्व्हर. यातली एक जागा तुंबली की सगळं तुंबलं. मुख्य कालवा तुडुंब वाहतोय पण आपल्या पोटचारीचं दार अर्धंच उघडलंय, तर कालव्याकडं बघून काय उपयोग?

माझी जमीन चारीच्या टेलला आहे. त्यामुळं ही गोष्ट मला पाण्यावरून लवकर कळते. आवर्तन सुटल्यावर वरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी दारं उघडली तर टेलला ओल पण येत नाही. पाणी तेवढंच, पण शेजपाळीनं टेलकडून हेडकडं दिलं तर सगळ्यांचं भिजतं. कमी पडतं ते बऱ्याचदा पाणी नसतं, पाळी असते. नेटचंही पुष्कळसं असंच आहे.

इंटरनेटवर हे एकदा फार मोठ्या प्रमाणात घडलेलं आहे. ऑक्टोबर 1986 मधली गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर फक्त 400 यार्ड, म्हणजे आपल्या दोन-तीन बांधांएवढं. त्यांच्यातली लाइन सेकंदाला 32 हजार बिट वाहून न्यायची. ती एकदम 40 बिटांवर आली. 800 पट कमी! तार तुटली नव्हती, यंत्रं बंद पडली नव्हती.

मग झालं काय? नेटवर माहिती अखंड जात नाही. तिचे छोटे तुकडे करून पाठवतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट पोचलं की पलीकडून पावती येते. ठरलेल्या वेळेत पावती आली नाही तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. लाइन तुंबली, पावत्या उशिरा यायला लागल्या. प्रत्येक यंत्राला वाटलं आपलं पॅकेट हरवलं, सगळ्यांनी पुन्हा पाठवलं. त्यानं आणखी तुंबलं, म्हणून आणखी पाठवलं. शेवटी लाइन भरून वाहत होती, पण त्यात बहुतेक तीच ती पॅकेटं. कामाचं काही पोचतच नव्हतं.

साइट अडकल्यावर आपण दहा वेळा बटण दाबतो, पान पुन्हा पुन्हा उघडतो, तेव्हा हेच करत असतो. प्रत्येक दाब ही नवी मागणी. आधीची मागणी सर्व्हरच्या रांगेत तशीच पडून असते, तिच्या मागं आपलीच दुसरी, तिसरी लागते.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी यावर उपाय काढला. जेकबसन यांचा त्यावरचा लेख 1988 मध्ये आला. त्यांनी लाइन मोठी करा असं सांगितलं नाही, पाठवणाऱ्याला शिस्त लावली. सुरुवातीला थोडंच पाठवायचं. पावत्या येतील तसं वाढवत जायचं. पॅकेट हरवलं की समजायचं पुढं गर्दी आहे, आणि वेग एकदम खाली आणायचा. मग पुन्हा हळूहळू वाढवायचा. पुढं यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण वाढवताना सावकाश आणि कमी करताना झटक्यात, ही मूळ शिस्त आजही चालते. आपल्या मोबाईलमध्येही.

यात मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की इथं पाटकरी नाही. दार किती उघडायचं हे प्रत्येक जण स्वतः ठरवतो आणि शेजाऱ्यासाठी हात आखडता घेतो. अर्थात डोंगळे टाकणारे इथंही आहेतच. एका कामासाठी एकाच वेळी आठ-दहा जोडण्या उघडणारं सॉफ्टवेअर असतं. वाटणी जोडणीप्रमाणे होते, म्हणून ते आठ-दहा वाटे उचलतं. पाटावर एकाच नावानं दहा पाइप टाकल्यासारखं.

"मग लाइन नाहीतर साठा मोठा करा की," असं कोणी म्हणेल. लाइन वाढवायला पाहिजेच. साठ्याचं मात्र साखर कारखान्यावर बघा. गाडीतळ कितीही मोठा केला तरी गव्हाणीत ऊस पडायचा तेवढाच पडतो. तळ मोठा झाला की रांग लांबते, ऊस वाळतो, वजन घटतं. नेटच्या यंत्रांतही पॅकेटं थांबवून ठेवायला जागा असते. मेमरी स्वस्त झाली तशी कंपन्यांनी ती जागा भरमसाट वाढवली. परिणाम असा की पॅकेट हरवत नाही, नुसतं रांगेत बसून राहतं, आणि पाठवणाऱ्याला गर्दी आहे हे कळतच नाही. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांनी हा दोष सगळ्यांच्या नजरेस आणून दिला, त्याला बफरब्लोट म्हणतात. म्हणून आता चांगली यंत्रं रांग फार वाढायच्या आधीच थोडी पॅकेटं टाकून देतात, म्हणजे पाठवणारा वेळेत सावध होतो.

आता अंदाजाचा भाग. गर्दी किती होणार हे आधी कळतं का?

टेलिफोनच्या काळात बऱ्यापैकी कळायचं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. 1909 मध्ये त्यांनी दाखवलं की फोन कधी येईल हे एकेकट्या माणसाचं सांगता येत नाही, पण पुष्कळ माणसांचं मिळून गणित बसतं. किती लाइनी ठेवल्या तर किती जणांना लाइन मिळणार नाही, याचं सूत्रही त्यांनी पुढं दिलं.

डेटाचं गणित असं सरळ बसलं नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीच्या नेटवर्कची मापं तपासली गेली. पुष्कळ जणांची वाहतूक एकत्र केली तरी ती सपाट होत नाही, सेकंदात बघा नाहीतर तासात बघा, उसळ्या तशाच दिसतात, असं निघालं. आपल्याला यात नवल नाही. वर्षाची सरासरी 500 मिलिमीटर म्हणून सांगतात, त्यातला निम्मा पाऊस चार दिवसांत पडून जातो. सरासरीवर बांध घातला तर तो फुटतोच. म्हणून नेटवर्क सांभाळणारे सरासरी बघत नाहीत. मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराचा तोच तास बघतात, सगळ्यात उंच उसळी बघतात आणि त्याच्यावर मोकळी जागा ठेवतात.

आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं काय? त्याला तर गणितही लागत नाही. तारीख आधी जाहीर असते. खातेदार किती, मोजलेले असतात. दर हंगामाला शेवटच्या दोन दिवसांतच लोंढा येतो. लागणीच्या तारखा नोंदवून कारखाना तोडीचा कार्यक्रम लावतो, मग हे जमायला काय हरकत आहे? पावसाचा लोंढा अचानक येतो असं म्हणता येईल, हा लोंढा कॅलेंडरवर छापून येतो.

आणि याची किंमत कोण मोजतं? तालुक्याच्या ठिकाणी चांगलं नेट असलेला माणूस रात्री काम उरकतो. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे एक काका तीन दिवस केंद्रावर हेलपाटे घालत होते. कागद पूर्ण, पीक उभं, तरी नोंद राहिली. त्यांच्या शेतात कापूस आहे आणि कागदावर शेत पडीक. उद्या नुकसान झालं तर दाखवायचं काय?

म्हणून आपल्या हातात आहे ते आधी करू :

1. मुदत उघडली की पहिल्या आठवड्यात नोंद करा. हेडला पाणी आहे तोवर भरून घ्यायचं.
2. पहाटे 4 ते 6 मध्ये करून बघा. नेट तेव्हा सगळ्यात मोकळं असतं. फोटो आदल्या दिवशी उजेडात काढून ठेवता येत असेल तर ठेवा.
3. अडकलं तर लगेच परत दाबू नका. 1 मिनिट थांबा, मग 2, मग 4, मग 8. नेटवर्कची यंत्रंही टक्कर झाल्यावर असंच वाढतं थांबतात. पैसे भरताना तर मेसेज येईपर्यंत दुसऱ्यांदा दाबूच नका.
4. फोटो लहान साइजमध्ये पाठवायची सोय असेल तर तोच पाठवा. अपलोड चालू असताना घरातले बाकीचे व्हिडिओ बंद ठेवा.
5. गावात ज्यांची नोंद झाली त्यांनी टेलच्या वस्त्यांना आधी मदत करा.

बाकीचं मागून घ्यावं लागेल. पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. मागण्या तीन. एक, नोंदीला तालुकावार पाळी लावा, शेजपाळीसारखी, आणि नेट कमजोर असलेल्या गावांना पहिली पाळी द्या. दोन, नोंद आधी फोनमध्ये साठू द्या, रेंज मिळाल्यावर ती आपोआप जाऊ द्या, आणि मुदत शेतात फोटो काढला त्या वेळेवर धरा. फोनचं घड्याळ मागंपुढं करता येतं हे खरं, पण जीपीएसवरून जागेबरोबर वेळही मिळते, ती ताडून बघता येईल. तीन, रांगेत असलेल्याला नंबर दाखवा, म्हणजे माणूस बटण बडवत बसणार नाही.

ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी वाघाड धरणावर पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून मागून घेतलं. तेव्हा त्यांच्याकडंही फक्त टेलला असण्याचा अनुभवच होता. नेटच्या टेलला असलेल्यांनीही आता मोजून मागायला शिकलं पाहिजे. आपल्या गावात कोणत्या तारखेला, किती वाजता, किती जणांची नोंद अडकली, हे एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामाचा अंदाज त्याच वहीतून निघेल.

ठरावाचा मसुदा दोन दिवसांत इथंच टाकतो. कमी-जास्त असेल ते खाली सांगा.