दोन पाण्यांतलं अंतर

न्यू जर्सीहून भाचीनं एक फोटो पाठवला. खिडकीतल्या फळीवर पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणि कुंडीत खोचलेली दुकानाची चिठ्ठी: आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन तुकडे घालावेत. खाली तिचा प्रश्न, ‘मावशी, खरंच बर्फ घालू का गं?’

तिला उत्तर द्यायचं सोडून मी ती चिठ्ठी मोठी करून पाहत बसले. फॅलेनॉप्सिस मूळचं जावा-फिलिपिन्सकडचं. तिथल्या सखल, दमट रानांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं. पाऊस थोडाफार बाराही महिने, हवा रात्रीसुद्धा उबदार. अशा रोपाच्या मुळाशी बर्फ ठेवायचा ही कल्पनाच मला सोसवेना. मग शोधाशोध केल्यावर कळलं की या बर्फाचा रीतसर अभ्यास झालेला आहे. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सालीच्या तुकड्यांत लावलेल्या काही रोपांना आठवड्याला तीन तुकडे बर्फ घातला आणि काहींना तेवढंच साधं पाणी. निष्कर्ष २०१७ साली छापून आले: फुलं टिकायची तेवढीच टिकली, मुळांचंही नुकसान दिसलं नाही.

भाचीला ‘घाल, काही होत नाही’ असं कळवून टाकलं. मन मात्र त्या तीन तुकड्यांपाशीच घुटमळत राहिलं. बर्फ सावकाश वितळतो, पाणी मोजकंच पडतं आणि पुढचा आठवडा उजाडेपर्यंत कुंडीपाशी जायचं कारण उरत नाही. त्या रोपाला गारवा कुठे हवा होता? आवरायचा होता तो माणसाचा हात.

आपल्याकडे हा हात आवरणं फार अवघड. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, अशा घरांतून आपण आलो. झाडाला पाणी घालणं ही आपल्या मायेची पहिली खूण. पण घरातली ऑर्किड तहानेनं जातात त्याहून किती तरी अधिक पाण्यानं जातात. सतत ओल्या कुंडीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं सुरकुततात. सुरकुतलेलं पान पाहिलं की घरातलं कोणीतरी कळवळून आणखी एक तांब्या ओततं.

झाडावर राहणाऱ्या ऑर्किडचं मूळ मातीसाठी घडलेलंच नाही. आत खऱ्या मुळाचा बारीक धागा आणि त्याच्याभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं जाडसर वेष्टन. शास्त्रज्ञ त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना पोकळ्यांत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी पांढरं दिसतं. पाणी लागलं की ते टीपकागदासारखं काही सेकंदांत ओढून घेतं आणि आतला हिरवा रंग वर उमटतो. या मुळांत हरितद्रव्य असतं. उजेड मिळाला तर तीही अन्न तयार करतात. घेतलेलं पाणी जायला मात्र काही तास लागतात. फ्रिट्स वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९४० साली एक तर्क मांडला होता. पावसाचं अगदी पहिलं पाणी खोडावरची धूळ, पाखरांची विष्ठा, पानांतून झिरपलेले क्षार असं सगळं घेऊन खाली येतं. मुळाचं वेष्टन नेमकं तेच धरून ठेवत असणार. पुढच्या प्रयोगांनी त्याच्या म्हणण्याला बळ दिलं. मला ही गोष्ट फार आवडते. नंतर पाऊस कितीही कोसळो, रोपाची खरी कमाई पहिल्या सरीतच झालेली असते.

हे कळायच्या कितीतरी आधी इंग्लंडनं हजारो ऑर्किड मारून टाकली होती. ती गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिचं एक टोक आपल्या पावसात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेस्ट इंडीज, ब्राझील, भारत अशा ठिकाणांहून जहाजांतून ऑर्किड यायची आणि श्रीमंतांच्या काचघरांत मरायची. उष्ण प्रदेशातलं झाड म्हणजे त्याला धग हवी, काळोख हवा, वाफ हवी, अशी सर्वांची समजूत. त्या काचघरांना ‘स्टोव्ह’च म्हणत. विटांच्या नळांतून आत गरम धूर फिरवलेला, झरोके घट्ट बंद, कुंड्या कातडी कमावून उरलेल्या सालीच्या उबदार थरात गळ्यापर्यंत पुरलेल्या. जॉन लिंडली हा पुढे ऑर्किडच्या अभ्यासातला अधिकारी पुरुष ठरला. त्यानंही १८३० साली लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे उष्णता, दाट सावली आणि भरपूर ओल यांचीच शिफारस केली. माळ्यांनी ती निष्ठेनं पाळली. रोपं कुजत राहिली, नवी येत राहिली. इंग्लंड ही उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडची दफनभूमी आहे, असं त्या काळाबद्दल पुढे म्हटलं गेलं.

डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला डेव्हनशरचा सहावा ड्यूक राहायचा. त्यानं १८३३ साली लंडनच्या एका प्रदर्शनात फुलपाखरासारखं पिवळं-तपकिरी ऑन्सिडियम पाहिलं आणि तो ऑर्किडवेडा झाला. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा एका शेतकऱ्याचा मुलगा, कोवळ्या वयात त्या पदावर आलेला. ऑर्किड कुजताना पाहून त्यानं झरोके उघडले. धग कमी केली. निरनिराळ्या उंचीवरून आलेल्या रोपांना निरनिराळी घरं दिली. आणि मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी की ओल टिकवण्यासाठी तो वाटा आणि फळ्या भिजवू लागला. पाणी जमिनीवर पडे, हवा दमट होई आणि तीच हवा खेळती राही. मुळं हवेतून ओल घेत आणि सुकतही असत.

ड्यूकला आता नवी रोपं हवी होती. त्यासाठी पॅक्स्टनच्या हाताखालचा जॉन गिब्सन हा तरुण माळी १८३५ साली भारताकडे निघाला. ज्या जहाजातून नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड येत होते त्याच जहाजात तो होता. कलकत्त्याला वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांच्याकडे त्यानं मुक्काम केला आणि १८३६ साली तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीला पोहोचला. इंग्लंडमधल्या बंद काचघरातून थेट चेरापुंजीत! त्याला तिथे काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. ज्या झाडांना आपल्याकडे कोंडून, वाफवून ठेवायचं, ती इथे कड्यावरच्या झाडांना लटकलेली, वाऱ्यानं सतत हलणारी, धुक्यात भिजून उन्हात वाळणारी. १८३७ साली गिब्सन परतला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या ऑर्किडांत इंग्लंडनं तोवर न पाहिलेल्या कितीतरी जाती होत्या. त्यांतलं एक डेंड्रोबियम ड्यूकच्या पदवीचं नाव लावतं, एक गिब्सनचं.

चेरापुंजी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला पाऊस आठवतो. वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या वर. पण तो जवळजवळ सगळा उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो. नंतर टेकड्या कोरड्या पडतात आणि हिवाळ्यात तिथल्या माणसांना पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं. त्या महिन्यांत तिथली कित्येक डेंड्रोबियम पानं टाकून नुसत्या काड्यांवर उभी असतात. वर्षाच्या बेरजेवरून पावसाचा अंदाज बांधला तर हे कधीच कळणार नाही. पाऊस किती यापेक्षा पाऊस केव्हा आणि मधे किती दिवस नाही, हे ऑर्किडला महत्त्वाचं. पॅक्स्टननं १८५१च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला आणि जग त्याला त्यासाठी ओळखतं. माझ्या लेखी तो झरोके उघडणारा माळी म्हणून अधिक मोठा आहे.

सावंतवाडीजवळच्या माझ्या आजोळी पोफळीच्या बागेत मामीनं एक ऑर्किड सुंभानं पोफळीला बांधलं होतं, मुळांशी नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेवून. संध्याकाळी बागेचं शिंपण चाले. पाटातून पाणी धावायचं, आळी भरायची, तापलेली जमीन गार होऊन दमट वास वर यायचा. ऑर्किडवर मुद्दाम पाणी कोणी टाकत नसे. दरवर्षी ते फुलायचं.

फ्लॅटच्या गॅलरीत पोफळ नाही, पाट नाही, पण काही गोष्टी करता येतात. पहिली म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी. मुळं दिसली की निम्मं काम झालं: हिरवी असतील तर थांबायचं, चंदेरी झाली की पाणी द्यायचं. शिवाय कुंडी रोज उचलून पाहावी. भिजलेल्या कुंडीचं आणि सुकलेल्या कुंडीचं वजन हाताला लवकर ओळखू येतं, आणि हाताची ही ओळख कुठल्याही वेळापत्रकापेक्षा भरवशाची. पुण्यात एप्रिलमध्ये जी कुंडी दोन दिवसांत वाळते ती मुंबईत जुलैत आठवडाभर ओली राहू शकते. रविवार ठरवून पाणी घालणाऱ्याला हे कसं कळणार? बाजारातून आणलेल्या रोपाच्या बुंध्याशी पुष्कळदा शेवाळाचा किंवा काथ्याचा घट्ट गोळा लपलेला असतो. बाहेरची साल खडखडीत वाळली तरी तो आत ओलाच राहतो. फुलं गेल्यावर तो हलक्या हातानं सोडवून काढावा आणि रोप कोळसा, विटेचे तुकडे, साल अशा मोकळ्या मिश्रणात लावावं.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र हात आखडू नये. झारीनं सावकाश, सगळी मुळं हिरवी होऊन तळाच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत द्यावं; मग कुंडी पूर्ण निथळू द्यावी, खालच्या बशीत थेंबही साचू देऊ नये. वेळ सकाळची. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध पाणी साचून रात्रभर राहिलं तर कोंबच कुजतो. टोपलीत लटकणाऱ्या व्हँडाची गोष्ट वेगळी: त्याच्या मुळांभोवती काहीच नसतं, त्याला रोज भिजवावं लागतं, कडक उन्हाळ्यात दोनदाही. थंडीत पानं गाळणाऱ्या डेंड्रोबियमचं पाणी मात्र अगदी कमी करावं. त्या काड्या पाहून घरातली माणसं हळहळतील, त्यांना थांबवावं.

पाणी कुठलं, हेही पाहायला हवं. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर क्षारांचं पांढरं किटण चढतं आणि मग चंदेरी रंगाची खूणच हरवते. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवावं. माझ्या मते ऑर्किडसाठी करण्याजोगा सर्वांत चांगला खर्च म्हणजे झाकणाचं एक पिंप आणि एक लहान पंखा. महागडी खतं त्यानंतर. तीही डब्यावर लिहिल्याच्या पाव हिश्शानं, मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून घेऊन.

आणि आता सीतेची वेणी या आपल्या सह्याद्रीतल्या ऑर्किडबद्दल. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले महिने ती जुन्या झाडांच्या खोडांवर धुकं आणि दंव यांवर काढते आणि मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस खाली सोडते. याच वेळी घाटरस्त्यांवर ती विकायला येते, खोडावरून ओरबाडलेली, निम्मी मुळं तुटलेली. घरी नेल्यावर तिला रोज मायेनं पाणी मिळतं. बहुतेक रोपांना पुढचा उन्हाळा दिसत नाही.

ऑर्किडची बी धुळीच्या कणाएवढी असते. तिच्यात अन्नाचा साठा नसतो. रानात योग्य बुरशीची सोबत मिळाली तरच ती रुजते. एका बोंडात लाखो बिया असूनही फारच थोड्या तगतात, आणि त्यांतल्या रोपाला पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. तेव्हा घाटात विकायला आलेली सीतेची वेणी कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. घरासाठी रोपवाटिकेत वाढवलेली रोपं सहज मिळतात, आणि त्यांना आपल्या गॅलरीत रमणं सोपं जातं. पावसाळ्यात मोडून पडलेल्या फांदीवर एखादं रानातलं ऑर्किड सापडलं, तर फांदीसकट उचला आणि जवळच्याच उभ्या झाडाला सुंभानं घट्ट बांधून या.