जुना पडदा आणि नवी तार

घरात नवी वस्तू आली म्हणजे जुनीची पाठवणी भंगारवाल्याकडे करावयाची, हा आजच्या संसारातील एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षे निमूटपणे पाळीत आलो. परंतु इसवी सन २०२० च्या अखेरीस आचोळ्यातील एका चाळीत एका जुन्या टेलिव्हिजनने आम्हांस असा धडा दिला की, हा नियमच काय, पण आमची शिकविण्याची रीतही आम्हांस तपासून पाहावी लागली. ती हकिकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगण्याचे योजिले आहे. तीत आमची शोभा फारशी नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि नवे वर्ष सुरू झाले तेव्हा आमचा फळा मोबाईलच्या काचेवर आला. नववीच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीपर्यंत पाठास नियमाने येत असे. दिवाळीनंतर तो एकाएकी दिसेनासा झाला. दोन आठवडे वाट पाहून एके दिवशी सर्व वर्गाच्या समक्ष आम्ही बोलून गेलो, "ज्याला शिकावयाचे असते, त्याला मार्ग सापडतो." वाक्य सुबक होते आणि बोलल्यावर आम्हांस समाधानही वाटले. त्याच सायंकाळी त्याच्या एका सोबत्याने आम्हांस कळविले की, तो मुलगा आता वडिलांबरोबर वालीवच्या एका गाळ्यात कामास जातो.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याचे घर शोधीत निघालो. आम्ही स्वतः आचोळ्याचेच रहिवासी. तलाव, त्याच्या आसपासची जुनी वस्ती, तिला चहूंकडून वेढून उभ्या राहिलेल्या नालासोपारा पूर्वेच्या इमारती आणि इमारतींच्या मागे दडलेल्या चाळी, हा सर्व मुलूख आमच्या रोजच्या पायाखालचा. तरीही त्या चाळीत आमचे पाऊल पूर्वी कधी पडले नव्हते, ही गोष्ट चालता चालता मनास टोचली.

घर एका खोलीचे होते. घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुले तीन. तो मोबाईलही वडिलांबरोबर सकाळी आठ वाजता कामावर जाई. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका जुलै २०२० पासून दाखवीत होते. धाकट्या दोघांस तिचा उपयोग झाला असता. परंतु वडिलांची मजुरी निम्म्यावर आली, केबलचे पैसे थकले आणि केबलची पेटी बंद पडली. टेलिव्हिजन तेवढा फळीवर जागच्या जागी होता. मागे मोठे पोट असलेला, जुन्या घडणीचा. त्यावर भरतकाम केलेला रुमाल नीट पांघरलेला.

आमची दृष्टी तिकडे गेलेली पाहून मुलाची आजी म्हणाली, "मास्तर, ह्यांना गिरणीचे पैसे मिळाले तेव्हा घेतलेला आहे तो. भंगारवाला शंभर रुपये देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे."

ते शब्द ऐकून आम्हांस आमचे बालपण आठवले. मुंबईत दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण आमच्या घरी यंत्र यावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' दाखवीत, तेव्हा आम्ही उपासनेहून धावत येऊन शेजाऱ्यांच्या दाराशी उभे राहत असू. आत जागा नसे आणि उंच माणसे पुढे असत. दारात उभे राहून पाहणाऱ्या मुलास काय वाटते, हे ज्याने अनुभविले आहे, त्याने तरी 'मार्ग सापडतो' असे म्हणावयास नको होते.

मुलगा घरीच होता, पण बोलत नव्हता. वडील म्हणाले, "सर, पोरगा घरी बसून शिकत असेल तर मी त्याला कशाला नेऊ? पण नुसता बसून राहिला तर वाया जाईल."

त्या वेळी आमच्या मनात एक गोष्ट आली. आमच्या घरी एक लॅपटॉप पडून होता. आमच्या कन्येच्या हातून पडून त्याची काच फुटली होती आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किंमतीहून अधिक, म्हणून तो कपाटात गेला होता. आमच्याकडे पडदा नसलेले यंत्र आणि यांच्याकडे यंत्र नसलेला पडदा. दोघांची गाठ घालून दिली, तर आमचे पाठ आधीच ध्वनिचित्रित करून दर शनिवारी आणून देता येतील. त्यास मोबाईलही नको आणि इंटरनेटही नको. आम्ही मोठ्या उत्साहाने उठलो व "पुढच्या शनिवारी जोडून देतो," असे वचन देऊन बसलो.

वचन देणे सोपे होते. लॅपटॉपला चित्र बाहेर काढण्याचे एक चपटे भोक असते, त्यास एचडीएमआय म्हणतात. टेलिव्हिजनच्या अंगास पिवळे व पांढरे अशी दोन गोल भोके होती. पिवळे चित्राचे व पांढरे आवाजाचे. ज्या यंत्रांत दोन बाजूंचा आवाज वेगवेगळा निघतो, त्यांत तिसरे तांबडे असते. आम्ही बाजारात जाऊन एका टोकास चपटे व दुसऱ्या टोकास रंगीत गोल तोंडे असलेली तार मागितली. दुकानदाराने ती लगेच दिली. शनिवारी सर्व कुटुंबासमक्ष ती जोडली आणि पडदा निळाच्या निळा राहिला. आम्ही तार काढली, फुंकली, पुन्हा घातली. काही उपयोग झाला नाही. आजी म्हणाली, "असू दे मास्तर, चहा घ्या."

घरी येऊन वाचन केले, तेव्हा आमचे अज्ञान आमच्या ध्यानात आले. जुना टेलिव्हिजन विजेच्या चढउताराची भाषा जाणतो. प्रवाह जितका चढेल तितका ठिपका उजळ, उतरेल तितका काळोखा. अशा रीतीने एकाखाली एक ६२५ रेघा आखून तो सेकंदास २५ चित्रे उभी करतो. त्या रेघांपैकी ५७६ रेघांवर प्रत्यक्ष चित्र असते. एचडीएमआयची रीत २००२ सालच्या अखेरीस ठरली. तिच्या तारेतून चढउतार जात नाहीत. शून्य व एक या दोन अंकांत मांडलेला हिशेब जातो. आडव्या १९२० व उभ्या १०८० ठिपक्यांचे म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचे चित्र ती अंकांनी सांगते. दोन भिन्न भाषा बोलणाऱ्या माणसांचे हात एकमेकांच्या हातांत दिले म्हणून त्यांचे संभाषण होत नाही; मध्ये दुभाषी लागतो. नुसती तार म्हणजे हातात हात. दुभाष्याचे काम करणारी कन्व्हर्टर नावाची लहानशी पेटी वेगळी मिळते. ती काडेपेटीहून थोडी मोठी असून तिला मोबाईलच्या चार्जरमधून स्वतःची वीज द्यावी लागते.

आम्ही पेटी आणली. दुसऱ्या शनिवारीही पडदा उजळला नाही. या वेळची चूक अधिक लाजिरवाणी होती. अशा पेट्या दोन जातींच्या असून दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या असतात. एक नव्याचे जुन्यात भाषांतर करते, दुसरी जुन्याचे नव्यात. आम्ही दुसरी आणली होती. व्याकरणाच्या तासाला 'कर्ता कोण, कर्म कोण' म्हणून मुलांवर ओरडणाऱ्या शिक्षकाने 'कशाचे कशात' एवढे पेटीवर छापलेले वाचू नये!

तिसऱ्या शनिवारी योग्य पेटी लागली आणि चित्र आले; पण काळेपांढरे, आणि जिन्यावरून घसरावे तसे सारखे वर सरकणारे. आम्ही हताश होऊन बसलो. तेव्हा तीन आठवडे मुका राहिलेला आमचा विद्यार्थी प्रथमच पुढे आला. पेटी उजेडाकडे धरून तो म्हणाला, "सर, इथे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय." तिच्या कडेस एक इवलीशी कळ होती. एका बाजूस 'एनटीएससी' व दुसऱ्या बाजूस 'पाल'. पहिली अमेरिकेकडील ५२५ रेघांची पद्धत, दुसरी आपल्या देशाने स्वीकारलेली ६२५ रेघांची. कळ 'पाल'कडे सरकताच चित्र स्थिर झाले व त्यात रंग भरला. धाकट्या भावंडांनी टाळ्या पिटल्या. आजीने पदराचे टोक डोळ्यांस लाविले व रुमालाची घडी घालून बाजूस ठेविली.

येथवरची हकिकत यंत्राची झाली. खरा धडा यापुढे आहे.

आम्ही समासांचा पाठ लाविला. त्यात वीस ओळींचे एक कोष्टक होते. ते तयार करण्यास आम्हांस दोन रात्री लागल्या होत्या. आम्ही मुलास म्हटले, "वाच पाहू." त्याने मथळा वाचला आणि तो थांबला. आम्ही जवळ जाऊन पाहिले, तो खालच्या ओळी म्हणजे मुंग्यांची रांग! कारण उघड होते. नवे चित्र रुंद आणि जुना पडदा चौकोनी. चित्राचा आकार सांभाळावयाचा तर वर व खाली काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात आणि ५७६ रेघांपैकी चित्रासाठी ४३२ च उरतात. १०८० रेघांचे लिहिणे ४३२ रेघांत कसे मावणार? दुभाषी कितीही प्रामाणिक असला, तरी ऐकणाऱ्याच्या भाषेत शब्दच थोडे असतील तर त्याने काय करावे?

आम्ही म्हटले, "या जुन्या पडद्याचा दोष आहे."

मुलगा हळूच म्हणाला, "सर, मोबाईलवरही हे दिसत नव्हतं."

"मग सांगितले का नाहीस?"

"बाकीच्यांना दिसत असेल असं वाटलं."

आम्ही निरुत्तर झालो. सोमवारी पाठाच्या आरंभी आम्ही वर्गास तोच प्रश्न विचारिला. प्रथम कोणी बोलेना. मग एकाने कबूल केले, मग दुसऱ्याने, मग कितीकांनी. प्रत्येकास वाटत होते की, इतरांस दिसते, आपल्यालाच तेवढे दिसत नाही. म्हणून सर्व गप्प होते. सहा महिने आम्ही मुंग्यांच्या रांगा दाखवीत होतो आणि मुले अंदाजाने माना डोलावीत होती. मार्ग सापडावयास हवा होता तो आम्हांस. वर्गासमक्ष उच्चारलेले ते वाक्य आम्ही त्याच दिवशी वर्गासमक्ष परत घेतले व क्षमा मागितली.

तेव्हापासून आम्ही पाठ नव्याने रचिले. एका पानावर सहाहून अधिक ओळी नाहीत, अक्षर ठसठशीत, जुना पडदा चित्राच्या कडा गिळतो, म्हणून चहूंबाजूंस मोकळी जागा, आणि जे पानावर मावत नाही, ते तोंडाने सांगावयाचे. जे त्या जुन्या पडद्यावर वाचता येईल, ते कोणत्याही मोबाईलवर वाचता येईल, हीच आमची कसोटी झाली. गंमत अशी की, ओळी कमी करताना कोणती ओळ ठेवावयाची याचा विचार करावा लागे, आणि तो विचार आम्ही यापूर्वी कधी केलाच नव्हता.

दर शनिवारी आम्ही पाठ पेन-ड्राइव्हमध्ये भरून नेत असू. नव्या वर्षी मुलाने गाळ्यावर जाणे सोडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा तो पहिल्या घंटेस हजर होता. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्याने शालान्त परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. गुण मध्यम मिळाले. पण पेढे मात्र त्याने प्रथम आम्हांस आणून दिले. पुढे त्याने आयटीआयचा रस्ता धरिला.

आता पालकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. घरी जुना टेलिव्हिजन चालू असेल, तर तो टाकण्यापूर्वी त्याच्या अंगावरील भोके पाहावीत. पिवळे भोक असल्यास तीनचारशे रुपयांच्या पेटीने काम भागते. ते नसून केवळ अँटेनाचे भोक असल्यास त्यासाठी निराळी पेटी लागते. पेटी घेताना 'एचडीएमआयमधून एव्ही' अशीच दिशा छापली आहे ना, हे स्वतः वाचावे. टेलिव्हिजनची पाठ मात्र कधीही उघडू नये. बंद केल्यावरही आत प्राणघातक वीज साठून राहू शकते. आणि यंत्र कायमचे बंद पडले, तर ते फोडू देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते, म्हणून ते इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावे.

त्या घरचा टेलिव्हिजनही पुढे बंद पडला. त्याचे आयुष्यच सरले होते. तो गेल्यावर काही दिवसांनी आजी स्वतः आमच्या दारी आली. ती छोटी पेटी तिने त्याच भरतकामाच्या रुमालात बांधून आणिली होती. "मास्तर, दुसऱ्या कोणाच्या पोरांना होईल," एवढेच बोलून ती परत गेली.

ती पेटी त्यानंतर आणखी दोन घरी जाऊन आली. सध्या ती शिक्षकांच्या खोलीतील आमच्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांस हवी असेल त्यांनी अवश्य मागावी. मागण्यात संकोच मुळीच नसावा. आणि वर्गात आम्ही फळ्यावर लिहिलेले दिसत नसेल, तर तेही त्याच वेळी सांगावे.