दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

सेप्सिसचा रुग्ण किती गंभीर आहे, हे रक्त सांगतं का, असं तालुक्याचे तरुण डॉक्टर मला फोनवर विचारतात. सांगतं, पण सहसा एका तपासणीत नाही. आणि ते कळण्याची निकड नांदेड-लातूरच्या आयसीयूपेक्षा किनवट, देगलूर, उदगीर, निलंग्याला जास्त आहे. नांदेडला आमच्यापर्यंत रुग्ण पोचतो तेव्हा तो सिरियस असल्याचं वॉर्डबॉयलाही दिसतं. दोन दिवसांच्या तापाने स्वतः चालत आलेला ऊसतोड मजूर आज रात्री खालावेल का, हे ओळखणं कठीण. किनवटहून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर आहे. १०८ रुग्णवाहिकेला फोन संध्याकाळी जातो की पहाटे, यावर बरंच ठरतं.

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटून त्याचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. २०१६ साली ही व्याख्या पक्की झाली. म्हणून माझी नजर आधी अवयवांची अवस्था सांगणाऱ्या रोजच्याच तपासण्यांवर जाते. ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना डेंग्यू आठवतो. पण प्लेटलेट एक लाखाखाली, क्रिएटिनिन किंवा बिलिरुबिन दोनच्या वर, शिवाय रुग्ण बरळतोय, तर डेंग्यूचा रिपोर्ट यायची वाट पाहत बसू नये.

माझा सगळ्यात जास्त भरवसा लॅक्टेटवर. पेशींना रक्त आणि प्राणवायू पुरेना, किंवा शरीरावरचा ताण फार वाढला, की ते चढतं. दोन मिलिमोलच्या वर गेलं की सावध व्हायचं. चार झालं तर रक्तदाब चांगला दिसत असला तरी रुग्ण धोक्यात आहे असं धरायचं. अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करून दोन ते चार तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. पाचाचं तीन झालं तर उपचार लागू पडतायत; तीनाचं पाच झालं तर गाडी बोलवा. फिट आलेल्या, दम्याची वाफ घेतलेल्या किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णातही लॅक्टेट वाढतं. म्हणून तर पहिल्या आकड्यापेक्षा त्याचा कल मला महत्त्वाचा वाटतो.

इथे आपलं ऊनही आडवं येतं. नळीत काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साखर जाळतच राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. मे महिन्यात साधी नळी तासभर टेबलावर पडली, तर रिपोर्ट खोटा वाढतो. साखरेच्या तपासणीची करड्या झाकणाची नळी वापरावी, बर्फात ठेवावी, लगेच लॅबला धाडावी.

प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातल्या आणखी एका निर्देशकाचा सेप्सिसशी संबंध किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी, १९९३ साली, फ्रेंच संशोधकांनी दाखवला. तपासणी महाग आहे. अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला ती उत्तम. सर्वोच्च पातळीपासून ८० टक्के उतरली की औषध बंद करण्याचा विचार करता येतो. पण औषध सुरू करायला तिच्यासाठी थांबणं मला अजिबात मान्य नाही. सीआरपी स्वस्त, मात्र ते चढायला सहा ते बारा तास लागतात. नवजात बाळात तर पहिले दोन दिवस प्रोकॅल्सिटोनिन निसर्गतःच वाढलेलं असतं. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात होते. तेव्हा दूरवरून अखेरच्या घटकेला आणल्या जाणाऱ्या बाळांविषयी खूप बोललं गेलं. ‘बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतंय’ असं आईने सांगितलं, तर मी ते कोणत्याही रिपोर्टच्या आधी धरतो.

लॅक्टेटची सोय नसेल, तरीही हातावर हात धरून बसू नये. काचेच्या पट्टीने बोटाचं टोक दहा सेकंद दाबायचं, सोडायचं. लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरण मंदावलंय. दक्षिण अमेरिकेतल्या २८ आयसीयूंनी ही पद्धत लॅक्टेटच्या तोडीस तोड लावून पाहिली. २०१९ साली आलेल्या त्या निष्कर्षांत ती कुठे कमी पडली नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी याहून मोलाचं संशोधन मला माहीत नाही.

तालुक्याच्या मित्रांकडे एकच मागणं आहे. रेफर चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, आणि लॅक्टेट किंवा बोटाची तपासणी दोनदा, वेळेसकट, एवढं लिहा. गाडी नांदेडला विष्णुपुरीच्या आमच्या रुग्णालयात पोचायच्या आत आम्ही खाट आणि औषधं तयार ठेवू.