कपाटातले संशोधन, बांधावरचा प्रश्न

शहादा तालुक्यात पपईच्या बागेत उभा असलेला शेतकरी कृषी सहायकाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : "साहेब, काय मारू?" शेंड्याची पाने आखडून दोरीसारखी झालेली असतात, देठावर तेलकट रेघा आणि फळांवर गोल वलये उमटलेली असतात. हा रिंगस्पॉट विषाणूचा रोग. संशोधनाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. लागण झालेल्या झाडाला बरे करणारे औषधच नाही. रोग पसरवणारा मावा पपईवर वस्ती करत नाही. उडता उडता पानावर टेकतो, सोंड टोचून पाहतो आणि तेवढ्यात विषाणू झाडात शिरतो. फवारणीने मावा मरेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे खरे उपाय लागवडीच्या आधीचे आहेत : रोपे कीटकरोधक जाळीत वाढवणे, बागेभोवती मक्याच्या दाट ओळी घेणे, शेजारी काकडी-भोपळ्याची वेलवर्गीय पिके टाळणे आणि पहिले रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणे.

इतके स्पष्ट उत्तर हाताशी असताना शेतकरी फवारणीवर पैसे का घालवतो? शेती संशोधनाची माहिती जमवणे आणि मांडणे हे माझे काम आहे आणि हाच प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. ज्ञान आहे, पण ते ज्याच्या कपाटात आहे त्याच्याच सोयीने लावलेले आहे. विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' आणि 'कृषिकोश' या भांडारांत विषय, विभाग आणि वर्षाप्रमाणे लागतात. राज्यातली चार कृषी विद्यापीठे दरवर्षी संयुक्त बैठकीत शिफारशी मंजूर करतात. त्या इतिवृत्तात जातात. आपल्या भागासाठीच्या राहुरी विद्यापीठाची 'कृषी दर्शनी' निघते. कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या घेते, त्यांचे निष्कर्ष वार्षिक अहवालात राहतात. साखर कारखान्यांच्या ऊस विकास विभागांकडे लागवडीच्या नोंदी असतात. प्रत्येक कपाट आपापल्या जागी नीट आहे. पण शेतकऱ्याचा प्रश्न विभाग आणि वर्ष घेऊन येत नाही. तो पीक, वाढीची अवस्था आणि डोळ्यांना दिसणारे लक्षण घेऊन येतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला जपणुकीपेक्षा वापराला महत्त्व देतो, चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. अनेक गावे सांभाळणाऱ्या कृषी सहायकाकडे दोनशे पानांचा प्रबंध चाळायला वेळ नसतो. म्हणून भांडाराचे एकक अहवाल नसावे, एका प्रश्नाचे उत्तर असावे. एकच पान : वर लक्षण आणि छायाचित्र, खाली आज काय करायचे, पुढच्या लागवडीआधी काय करायचे आणि काय करायचे नाही. मूळ प्रबंध किंवा शिफारस कोणती, हे शेवटी. खोलात जायचे असेल त्याला तिथून वाट मिळते.

या पानावर आणखी दोन गोष्टी हव्यातच. पहिली, हे उत्तर कुठे लागू पडते. प्रकाशा गावाकडची तापीकाठची भारी काळी जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याची हलकी, मुरमाड जमीन यांत पाण्याची पाळीही एक नसते. एका जमिनीतला निष्कर्ष तिचे नाव न घेता दुसऱ्या जमिनीत नेला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते आणि विश्वास संशोधनावरचा उडतो.

दुसरी गोष्ट तारीख. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला आढळला आणि पुढे इतर राज्यांत पोचला. सुरुवातीला सगळा भर फवारणीवर होता. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून 'ॲसेरोफॅगस पपाये' हा चिमुकला परोपजीवी कीटक आणून सोडला आणि त्याने ही कीड आटोक्यात आणली. त्यानंतर सल्ला उलटला : अंदाधुंद फवारू नका, हा मित्रकीटक मरेल. ज्या कार्यालयात जुनी पुस्तिकाच उरली, तिथे जुनाच सल्ला दिला जाणार. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली; त्याआधीच्या पुस्तिकांत मात्र त्याची मात्रा छापलेली आहे. जुने कागद फेकू नयेत, ते इतिहास म्हणून जपावेत. पण त्यांवर 'ही शिफारस रद्द' असा ठळक शिक्का हवा. तो मारण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसाची असावी. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की ती कुणाचीच राहत नाही.

भांडार एकाच दिशेने वाहत असेल, तर ते लवकरच वाळते. बांधावरून आलेला आणि उत्तर न सापडलेला प्रत्येक प्रश्न नोंदवला गेला पाहिजे : गाव, पीक, तारीख, लक्षण. तोच प्रश्न पाच गावांतून आला, तर पुढच्या चाचणीचा विषय कृषी विज्ञान केंद्राला आयता मिळतो. फसलेल्या चाचण्यांचीही नोंद हवी. ती नसली की शेजारचा तालुका त्याच वाटेने जाऊन तेच नुकसान सोसतो. शहाद्यात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलणारे शेतकरी आहेत. त्यांच्या तोंडी असलेली रोगांची नावे मराठी आणि शास्त्रीय नावांशेजारी नोंदवली, तरच शोधणाऱ्याला उत्तर सापडेल.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी कार्यालय, साखर कारखाना आणि कृषी महाविद्यालय यांनी एकत्र बसून तालुक्यात सर्वांत जास्त विचारले जाणारे पंचवीस प्रश्न निवडावेत, प्रत्येकाचे एक पान करावे आणि दर हंगामाआधी ते तपासावे. पहिले पान पपईचे असावे आणि ते पुढच्या लागवडीआधी, रोपे घेण्याच्या वेळीच शेतकऱ्याच्या हाती पडावे. ज्या रोगाचा उपाय लागवडीआधीच करावा लागतो, त्याचे उत्तर बाग पिवळी पडल्यावर देऊन उपयोग नाही.