छापील वाटा

तात्पुरत्या सोयींविषयीं प्रत्येक घरांत एक प्रकारची माया असते. डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखालीं कागदाची घडी सरकवावी, निखळलेली कडी सुतळीनें बांधावी, आणि 'तूर्त भागलें ना!' असें म्हणून मोकळें व्हावें. ह्या सोयींचें वर्म मात्र करणाऱ्यालाच ठाऊक असतें. कडी कोणत्या बाजूनें ओढावी हें तो जाणतो. पाहुण्याच्या हातांत ती निखळून येते. स्वतःची सोय आणि दुसऱ्याची सोय यांतील हा भेद मला नीट उमगला तो एक लहानसा सर्किट बोर्ड आंखतांना.

आमच्या काकू गेलीं दोन वर्षें अंथरुणावर आहेत. रात्रीं तहान लागली तरी त्या हांक मारीत नसत. 'सगळ्यांची झोंप कशाला मोडायची?' असें म्हणून पहाटेपर्यंत कोरड्या घशानें पडून राहत. म्हणून मी एक घंटा जुळविली. त्यांच्या उशाशीं बटण, माझ्या खोलींत बझर. बटण क्षणभर दाबलें कीं बझर पांच सेकंद वाजून आपोआप थांबावा, एवढेंच तिचें काम. हें काम ५५५ नांवाची आठ पायांची चिप करते. हान्स कॅमेन्झिंड यांनीं १९७१ सालीं आंखलेली ही चिप अजूनहि बाजारांत मिळते. तिला ४७० किलोओहमचा रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, कीं दोहोंच्या गुणाकाराच्या १.१ पट, म्हणजे पांच सेकंदांहून किंचित् अधिक वेळ मिळतो.

ब्रेडबोर्ड नांवाच्या भोकाभोकांच्या पाटीवर तारा खोंचून घंटा तासाभरांत वाजूं लागली. परंतु खोंचलेली तार ती खोंचलेलीच. मेज पुसतांना फडक्याचा धक्का लागला तरी निसटावयाची. मला तें चाललें असतें, काकूंना चालणारें नव्हतें. मोठ्या संकोचानें दाबलेलें बटण एकदां मुकें राहिलें, तर त्या तें पुन्हा दाबणार नाहींत, हें मी जाणून होतों.

ह्यावर उपाय म्हणजे तारांऐवजीं तांब्याच्या छापील वाटा. व्हिएन्नांत जन्मलेले अभियंते पॉल आइस्लर यांनीं लंडनमध्यें १९३६ च्या सुमारास अशा जोडणीचा रेडिओ तयार केला व १९४३ सालीं ह्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. वीज न वाहणाऱ्या पाटीवर तांब्याचा पापुद्रा असतो. आजच्या साधारण बोर्डावर त्याची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारें तिसावा भाग. हव्या तेवढ्या वाटा झांकावयाच्या आणि उरलेलें तांबें रसायनांत विरघळवून टाकावयाचें.

खरी कसोटी असते ती आंखणींत. कागदावरील आकृतींत रेषा एकमेकींना खुशाल ओलांडतात. एकाच बाजूला तांबें असलेल्या बोर्डावर दोन वाटा शिवल्या कीं घात झाला. संगणकाच्या पडद्यावर २.५४ मिलिमीटर अंतराचे ठिपके मांडून मी त्या सोडवीत बसलों होतों. मागें उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ही तर ठिपक्यांची रांगोळी! पण आमचे ठिपके एकदां मांडले कीं हलत नाहींत, तुमचे हलतात. मग रेघेशीं कशाला भांडतां?"

ह्या विद्येचें सारें मर्म त्या एका वाक्यांत सांगून गेल्या. मी वाटा सोडून वस्तूंच्या जागा बदलूं लागलों. बाहेरच्या तारांचे स्क्रू कडेला नेले, चिप अर्ध्यानें फिरविली, आणि बहुतेक गुंता आपोआप उलगडला. एक वाट अडली होती, ती रेझिस्टरच्या दोन पायांमधून पलीकडे नेली. त्यानें पुलाचें काम केलें. विजेला जाण्याइतकीच परतण्याचीहि वाट लागते. ती सर्वांत रुंद ठेवली. चिपचें आउटपुट बदलतें त्या क्षणीं ती विजेचा एकदम मोठा घोट घेते, त्यासाठीं ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिच्या पायांशींच बसविला. दूरच्या विहिरीपेक्षां उशाशीं भरून ठेवलेला तांब्या बरा, तसेंच हें.

पुढचें काम हाताचें. नकाशा इस्त्रीनें तांब्यावर उमटविला, हातमोजे घालून बोर्ड फेरिक क्लोराइडमध्यें बुडविला (हें उरलेलें पाणी मोरींत ओतूं नये), भोंकें पाडलीं, डाग दिले आणि सर्व एका डबींत बंद केलें.

काकूंनीं तो बोर्ड पाहिलेला नाहीं, आणि पाहण्याचें त्यांना कारणहि नाहीं. जी वस्तु दुसऱ्यासाठीं करावयाची, तिनें आपल्याकडे लक्ष मागूं नये. पहिल्याच रात्रीं दीड वाजतां बझर वाजला. पाणी पितां पितां त्या म्हणाल्या, "अरे, एवढ्याशासाठीं उठविलं तुला." पण भांडें परत दिल्यावर, बटण उशाशीं आहे ना, हें त्यांनीं अंधारांत हातानें चांचपून पाहिलें.